जुन्या मोटारसायकलींमधील तेलगळती

जुन्या मोटारसायकलींमधील तेलगळती म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स किंवा प्राथमिक चेनकेस यांतील वंगणतेल जोडांतून, सीलमधून, आट्यांतून अथवा ओतीव धातूतील दोषांतून बाहेर झिरपणे होय. जुनी ब्रिटिश घडणीची मोटारसायकल तेल गाळत नसेल तर तिच्यात तेलच उरलेले नाही, असा विनोद या वाहनांच्या शौकिनांमध्ये रूढ आहे. त्यामुळे गळती ही या वाहनांची अटळ प्रकृती मानली जाते. प्रत्यक्षात गळती हे बहुतेक वेळा दुसऱ्या बिघाडाचे लक्षण असते. क्रँककेसमधील अवाजवी दाब, वाकलेली जोडपृष्ठे, कडक झालेले रबरी सील आणि पूर्वीच्या चुकीच्या दुरुस्त्या ही तिची प्रमुख कारणे आहेत. मूळ कारण न शोधता केवळ बाहेरून लेप लावल्यास गळती थांबत नाही. उलट तेलाचे मार्ग बुजून इंजिन कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

## जुनी मोटारसायकल : व्याख्या

आंतरराष्ट्रीय प्राचीन वाहन महासंघ म्हणजेच 'फिव्हा' ही संस्था किमान ३० वर्षे जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक वाहन मानते. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'विंटेज मोटार वाहन' ही संज्ञा निश्चित केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यकवच किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या व्याख्येत येतात. बोलीभाषेत मात्र २५–३० वर्षांपूर्वीच्या कोणत्याही मोटारसायकलीला 'जुनी गाडी' किंवा 'विंटेज' म्हटले जाते. या लेखात हा शब्द त्याच व्यापक अर्थाने वापरला आहे.

## पार्श्वभूमी

### भारतातील जुन्या मोटारसायकली

भारतीय रस्त्यांवर आजही आढळणाऱ्या जुन्या मोटारसायकली मुख्यतः तीन घराण्यांतील आहेत. पहिले घराणे एनफिल्ड बुलेटचे होय. ब्रिटनमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीच्या सहकार्याने १९५५ मध्ये मद्रास (आता चेन्नई) येथे एनफिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली. ओतीव लोखंडी सिलिंडर असलेले बुलेटचे जुने इंजिन त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे मूळ रचनेत फारसा बदल न होता बनत राहिले. दुसरे घराणे म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीच्या जावा व येझदी या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे होय. येथील उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले व १९९६ मध्ये बंद पडले. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५ ही याच काळातील आणखी एक लोकप्रिय टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. तिसरे घराणे १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने आलेल्या कमी क्षमतेच्या मोटारसायकलींचे आहे.

### छत्रपती संभाजीनगर आणि वाळूज

तिसऱ्या घराण्याशी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराचा निकटचा संबंध आहे. शहराजवळील वाळूज येथे बजाज ऑटो कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली आणि १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैल सिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पाठोपाठ १९८६ मध्ये कंपनीने कावासाकी बजाज के.बी. १०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल, तर १९९१ मध्ये कावासाकी बजाज ४एस चॅम्पियन ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आणली. वाळूज हे पुढे कंपनीच्या मोटारसायकल उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र ठरले. त्याच्या आधाराने वाळूज औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले. एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज आणि व्हेरॉक या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालयेही याच शहरात आहेत.

या औद्योगिक पार्श्वभूमीचा जुन्या वाहनांच्या दुरुस्तीशी व्यावहारिक संबंध आहे. तेलगळती दुरुस्त करताना सपाट पृष्ठभाग घासणे, बिघडलेले आटे नव्याने पाडणे, दट्ट्या व सिलिंडर यांतील अंतर मोजणे अशी कामे करावी लागतात. त्यांसाठी लागणारी लेथ व ग्राइंडिंगची यंत्रे, अचूक मोजमापाची साधने आणि ती हाताळणारे कुशल कारागीर औद्योगिक वसाहतींतील लहान कार्यशाळांमध्ये असतात.

## तेलाचे मार्ग

गळती समजण्यासाठी वाहनात किती प्रकारचे तेल कोठे साठवलेले आहे, हे माहीत असणे आवश्यक ठरते. जुन्या बुलेटमध्ये तीन वेगवेगळे कप्पे असतात. इंजिनतेल क्रँककेसच्याच ओतीव भागात केलेल्या स्वतंत्र टाकीत असते. एक पंप ते टाकीतून इंजिनाला पुरवतो आणि दुसरा पंप तळाशी जमलेले तेल परत टाकीत आणतो. या पद्धतीला 'ड्राय सम्प' म्हणतात. डाव्या बाजूच्या प्राथमिक चेनकेसमध्ये क्लच व प्राथमिक साखळी यांच्यासाठी वेगळे तेल असते. त्यामागील गिअरबॉक्सचे तेल तिसरे असते.

जावा, येझदी व राजदूत यांसारख्या टू-स्ट्रोक इंजिनांत इंजिनासाठी तेलाचा साठाच नसतो. वंगणतेल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि ते मिश्रण क्रँककेसमधून जाऊन जळते. गिअरबॉक्स आणि क्लच यांना मात्र स्वतंत्र तेल लागते. ४एस चॅम्पियनसारख्या नंतरच्या फोर-स्ट्रोक वाहनांत इंजिन, क्लच व गिअर या तिन्हींना तळातील एकच तेल पुरते.

## गळतीची कारणे

### क्रँककेसमधील दाब

एक सिलिंडर असलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या खाली येताना त्याच्याखालील हवा दाबली जाते आणि वर जाताना तेथे अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते. ३५० बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर व स्ट्रोक ९० मिलिमीटर असून त्याची क्षमता ३४६ घन सेंटिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात सुमारे एक तृतीयांश लिटर हवा खाली ढकलली जाते. मिनिटाला ३,००० फेरे असताना ही क्रिया सेकंदाला ५० वेळा घडते आणि सुमारे १७ लिटर हवेची उलथापालथ होते.

हा दाब बाहेर सोडण्यासाठी क्रँककेसला 'ब्रीदर' जोडलेला असतो. त्यातील एकदिशा झडप हवा बाहेर जाऊ देते, पण आत येऊ देत नाही. त्यामुळे चालू इंजिनाच्या आत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राहतो आणि जोडांतील तेल बाहेर पडण्याऐवजी आत ओढले जाते. झडप चिकटल्यास, तिचे रबर फाटल्यास किंवा नळी चिखलाने वा जळक्या तेलाच्या गाळाने बुजल्यास हे संतुलन उलटते. मग वाढलेला दाब प्रत्येक जोडातून तेल बाहेर ढकलतो. दट्ट्याच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला असल्यास ज्वलनातील वायू कडेने निसटून क्रँककेसमध्ये शिरतात व दाब आणखी वाढतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी सुरू झालेली गळती हे बहुधा याच बिघाडाचे लक्षण असते.

### जोडपृष्ठे आणि गॅस्केट

दोन धातूंच्या भागांमध्ये बसवलेल्या कागदी, बुचाच्या, तांब्याच्या किंवा संमिश्र थराला गॅस्केट म्हणतात; गॅरेजमध्ये त्यासाठी 'पॅकिंग' हा शब्द रूढ आहे. गॅस्केट केवळ सूक्ष्म उंचसखलपणा भरून काढते. झाकण वाकले असल्यास ती फट गॅस्केटने भरून निघत नाही. जुन्या वाहनांच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांवर अनेक वर्षे पेचकसाने उचकटल्याचे ओरखडे असतात. बोल्ट अति आवळल्याने छिद्रांभोवतीचा धातू उचलला जातो, आणि त्यामुळे दोन बोल्टांच्या मधोमध फट राहते.

### सील, ओ-रिंग व वॉशर

फिरत्या दांड्यांभोवती रबरी ओठ असलेले ऑइल सील असतात. नायट्राइल रबराचे सील उष्णतेने व काळाने कडक होतात. वाहन अनेक वर्षे उभे राहिल्यास सीलचा ओठ दांड्याला चिकटतो आणि इंजिन पुन्हा सुरू करताच फाटतो. दीर्घकाळच्या वापराने सीलच्या ओठाखाली दांड्यावर खाच पडते. अशा वेळी नवा सील बसवूनही गळती चालू राहते. ड्रेन प्लगखालील तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेल्यावर कडक होतो.

### वेट सम्पिंग

ड्राय सम्प पद्धतीच्या इंजिनात वाहन काही आठवडे उभे राहिल्यास टाकीतील तेल पंपाच्या झिजलेल्या फटींतून हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरते. इंजिन सुरू करताच ते ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते व धुराड्यातून दाट निळसर धूर येतो. इंजिन सुरू न करता तेलाची पातळी पाहिल्यास टाकीत तेल कमी दिसते. मालक वरून तेल ओततो, आणि तळातील तेल परत आल्यावर एकूण तेल प्रमाणाबाहेर जाते. त्यातून नवी गळती उद्भवते. म्हणून अशा वाहनांची पातळी इंजिन काही मिनिटे चालवून मगच पाहिली जाते.

### उष्णता आणि तेलाची प्रत

मराठवाड्यात उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात त्यामुळे तेल अधिक तापते व पातळ होते, आणि हिवाळ्यात केवळ ओलसर दिसणारा जोड उन्हाळ्यात ठिबकू लागतो. ओतीव लोखंडी बुलेटसाठी २०डब्ल्यू-५० प्रतीचे तेल सर्रास वापरले जाते. आधुनिक वाहनांसाठीचे अतिशय पातळ तेल अशा इंजिनात वापरल्यास गळती वाढते. तथापि दाट तेल हा झिजलेल्या सीलवरचा उपाय नव्हे.

### ओतीव धातूतील दोष

जुन्या ओतीव भागांत सूक्ष्म छिद्रे असू शकतात. तसेच पडझडीमुळे किंवा साखळी तुटून आदळल्यामुळे क्रँककेसला बारीक तडे जातात. हे कारण तुलनेने दुर्मीळ असून इतर सर्व कारणे वगळल्यावरच त्याचा विचार केला जातो.

## निदान

तेल जेथे दिसते तेथूनच ते गळत असते असे नाही. गुरुत्वाकर्षणामुळे ते खाली उतरते आणि धावत्या वाहनाच्या वाऱ्यामुळे मागे ढकलले जाते. रॉकर कव्हरमधून निघालेले तेल सिलिंडरच्या पंख्यांवरून ओघळून क्रँककेसच्या तळाशी ठिबकते आणि गळती ड्रेन प्लगची असल्याचा भास होतो. म्हणून ओल्या भागातील सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधणे हा निदानाचा मूलभूत नियम आहे.

निदानाची रूढ पद्धत पुढीलप्रमाणे असते. प्रथम थंड इंजिन केरोसीन किंवा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पूर्ण स्वच्छ करून कोरडे केले जाते. त्यानंतर संशयित जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला जातो. वाहन इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवले जाते. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर ते वेरूळ हे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर पुरेसे ठरते. परतल्यावर पांढऱ्या थरावर उमटलेली पहिली काळी रेघ गळतीचा उगम दाखवते. गळती फार सूक्ष्म असल्यास तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहणी केली जाते. रात्रभर वाहनाखाली पुठ्ठा ठेवल्यास उभ्या वाहनातील गळतीची जागा व प्रमाण कळते.

तेलाचा रंग व वासही मार्गदर्शक ठरतो. वापरलेले इंजिनतेल काळे असते, गिअरतेलाला गंधकासारखा उग्र वास येतो, तर टू-स्ट्रोक इंजिनाच्या जोडातील चिकट ओलाव्याला पेट्रोलचा वास असतो.

| ओलावा दिसण्याची जागा | संभाव्य उगम | प्रथम तपासणी |
|---|---|---|
| सिलिंडरचे पंखे | रॉकर कव्हर, हेड गॅस्केट | कव्हरचे नट, पृष्ठभागाचा सपाटपणा |
| सिलिंडरचा पाया | पायाचे गॅस्केट, टॅपेट कव्हर | ब्रीदर, पायाचे नट |
| डाव्या चेनकेसचा तळ | बाह्य झाकणाचा रबरी सील | झाकणाचा मधला नट, तेलाची पातळी |
| उजव्या बाजूचे टायमिंग कव्हर | कव्हरचे गॅस्केट | स्क्रूंचे आटे, ब्रीदर |
| गिअरबॉक्सचा तळ | किकचा दांडा, स्प्रॉकेटमागील सील | तेलाची पातळी, दांड्याची झीज |
| एकाच वेळी अनेक जागा | क्रँककेसमधील दाब | ब्रीदरची झडप, रिंगांची स्थिती |

कप्प्यांमधील तेलाच्या पातळीची तुलना हा आणखी एक उपयुक्त संकेत आहे. बुलेटच्या चेनकेसमधील पातळी आपोआप वाढत असेल आणि इंजिनतेल कमी होत असेल, तर इंजिन व चेनकेस यांमधील क्रँकच्या दांड्याचा सील झिजलेला असतो. बाहेर एक थेंबही न पडता होणारी ही अंतर्गत गळती बाह्य गळतीपेक्षा अधिक घातक ठरू शकते.

## दुरुस्ती

### क्रम

कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी ब्रीदर तपासला जातो. नळी काढून धुतली जाते. झडप तोंडाने फुंकून व ओढून पाहिली जाते. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. जुन्या बुलेटवर ब्रीदरच्या नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती स्वस्त असून कडक झाल्यास बदलली जाते. त्यानंतर सर्व कप्प्यांतील तेल योग्य पातळीवर आणले जाते आणि सैल नट एकसारखे आवळले जातात. बऱ्याच गळत्या एवढ्यावरच थांबतात किंवा लक्षणीय कमी होतात. यानंतरही टिकून राहिलेल्या जोडांचीच उघडून दुरुस्ती केली जाते.

### पृष्ठभाग तयार करणे

जुने गॅस्केट लाकडी, प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने काढले जाते. पोलादी पेचकसाने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तोच पुढील गळतीचा मार्ग होतो. झाकणाचा सपाटपणा जाड सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर ठेवून फीलर गेजने तपासला जातो. किरकोळ वाक असल्यास काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, तेलाने ओला करून, झाकण इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवले जाते. घासल्यावर सर्वत्र एकसारखी छटा आली की पृष्ठभाग सपाट झाला असे मानतात. मोठा वाक यंत्रावरच काढावा लागतो. घासलेल्या भागातील कण पूर्ण धुऊन काढणे अत्यावश्यक असते, कारण ते तेलासोबत फिरून बेअरिंग झिजवतात.

### गॅस्केट व सीलंट

नव्या गॅस्केटची जाडी मुळाइतकीच असणे आवश्यक असते. सिलिंडरच्या पायाचे गॅस्केट जाड झाल्यास संपीडन गुणोत्तर घटते, तर काही जोडांत जाडीमुळे दांड्यांची मोकळीक बदलते. घन तांब्याचे हेड गॅस्केट मंद लालसर होईपर्यंत तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होते व वापरता येते. संमिश्र गॅस्केटला ही पद्धत लागू नाही.

भारतीय गॅरेजमध्ये कागदी गॅस्केटवर शेलॅक लावण्याची जुनी पद्धत आहे. योग्य जोडावर त्याचा पातळ थर उपयुक्त ठरतो. सिलिकॉन सीलंटचा अतिरेक मात्र धोकादायक असतो. झाकण आवळताना जेवढे सीलंट बाहेर दिसते, साधारण तेवढेच आतही पिळले जाते. आतील लोंबते तुकडे सुटून पंपाच्या जाळीत किंवा तेलाच्या अरुंद वाटेत अडकतात. बुलेटच्या टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या दांड्यामार्गे बिग एंडला तेल जाते आणि त्या वाटेवर बुचाचा छोटा सील असतो. हे कव्हर काढल्यावर तो सील बदलणे आणि तेलाची वाट मोकळी असल्याची खात्री करणे आवश्यक असते. येथे सीलंट अडकल्यास बाहेरची गळती थांबलेली दिसते, पण बिग एंडला तेल न मिळून इंजिन जाम होते.

### ऑइल सील बदलणे

नवा सील बसवताना त्याच्या ओठामागील स्प्रिंगची बाजू ज्या बाजूने तेल थोपवायचे आहे त्या बाजूला ठेवतात. दांड्यावरील खाचांनी ओठ कापला जाऊ नये म्हणून त्यांवर पातळ टेप गुंडाळला जातो व ओठाला ग्रीस लावले जाते. सील सरळ रेषेत, योग्य व्यासाच्या नळकांड्याने हलके ठोकून बसवला जातो. दांड्यावर खाच पडली असल्यास सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून त्याचा ओठ अखंड भागावर आणला जातो. ते शक्य नसल्यास दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवली जाते. अधिक उष्णतेच्या जागी व्हायटॉन रबराचे सील टिकाऊ ठरतात.

### आटे

ॲल्युमिनियममधील झिजलेल्या आट्यांमुळे बोल्ट पुरेसा आवळला जात नाही. मोठे छिद्र पाडून जाड बोल्ट बसवण्याऐवजी हेलिकॉइल हा तारेचा आटा बसवल्यास मूळ मापाचा बोल्ट पुन्हा वापरता येतो. ब्रिटिश घडणीच्या वाहनांत मेट्रिक मापांपेक्षा वेगळे आटे आढळतात. जवळपास बसणारा मेट्रिक बोल्ट बळाने फिरवल्यास आटे कायमचे खराब होतात. जावा व येझदी यांचे आटे मेट्रिक असतात.

### तडे

तडा गेलेल्या ॲल्युमिनियमच्या भागाला आर्गन वेल्डिंग करता येते. परंतु त्या उष्णतेने बेअरिंगची घरे व जोडपृष्ठे वाकू शकतात. म्हणून वेल्डिंगनंतर मापे पुन्हा तपासली जातात. दाब नसलेल्या जागेतील सूक्ष्म छिद्रांसाठी उष्णतारोधक इपॉक्सी पुरेसे असते, मात्र धातू तेलापासून पूर्ण मुक्त केल्याशिवाय ते धरत नाही.

## टू-स्ट्रोक इंजिनांतील विशेष प्रश्न

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा इंधन-मिश्रण ओढून घेणाऱ्या व पुढे ढकलणाऱ्या पंपाचे काम करतो. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंचे सील हे केवळ तेल थोपवणारे भाग नसून इंजिनाच्या कार्याचाच भाग असतात. क्लचच्या बाजूचा सील फाटल्यास गिअरबॉक्समधील तेल क्रँककेसमध्ये ओढले जाऊन जळते. जमिनीवर थेंब पडत नाही, पण गिअरतेल कमी होत राहते, प्लग तेलकट होतो व धूर वाढतो. डायनॅमो किंवा मॅग्नेटोच्या बाजूचा सील फाटल्यास बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणातील इंधनाचे आणि त्यासोबतच्या वंगणतेलाचे प्रमाण घटते, इंजिन जास्त तापते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो.

हे सील बाहेरून दिसत नसल्याने दाबचाचणी केली जाते. इनलेट व एक्झॉस्टची तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ०.३ ते ०.४ बार दाबाची हवा भरली जाते व जोडांवर साबणाचे पाणी लावले जाते. दाब झपाट्याने उतरल्यास आणि बुडबुडे दिसल्यास गळतीची जागा समजते. यापेक्षा अधिक दाब दिल्यास चांगले सीलही उलटू शकतात.

## सुरक्षितता

मागील टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलेले तेल अपघाताला कारणीभूत ठरू शकते. अशी गळती आढळल्यास वाहन चालवणे थांबवून टायर साबणाने धुणे व तेलात भिजलेले ब्रेक शू बदलणे आवश्यक असते. तप्त सायलेन्सरवर पडणारे तेल धूर निर्माण करते, तर पेट्रोलमिश्रित गळतीमुळे आग लागू शकते.

जुन्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेक शूच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसांचे गंभीर आजार व कर्करोग होऊ शकतो. म्हणून असे भाग कोरडे घासले जात नाहीत. ते ओले करून काढले जातात व वायरब्रशचे यंत्र किंवा हवेचा झोत टाळला जातो.

## पर्यावरण

वापरलेले वंगणतेल भारतात २०१६ च्या घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घातक कचरा मानले जाते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणे अपेक्षित असते. राज्यात या नियमांच्या अंमलबजावणीवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देखरेख ठेवते. छत्रपती संभाजीनगर शहरातून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीला मिळते. शहराचा पाणीपुरवठाही गोदावरीवरील जायकवाडी जलाशयावर अवलंबून आहे. त्यामुळे इंजिन धुतलेले केरोसीन किंवा जुने तेल नाल्यात ओतल्यास ते याच जलव्यवस्थेत शिरते. गळणाऱ्या वाहनाखाली ट्रे ठेवणे आणि काढलेले तेल डब्यात साठवणे हा किमान उपाय मानला जातो.

## मूळ स्वरूपाचे जतन

इंजिन क्रमांक सामान्यतः क्रँककेसवर कोरलेला असतो. गॅस्केट, सील, वॉशर यांसारखे झिजणारे भाग बदलल्याने इंजिनाची ओळख बदलत नाही. मात्र गळती दुर्लक्षित राहून तेलाअभावी इंजिन फुटले, किंवा अति आवळण्याने व चुकीच्या वेल्डिंगने क्रँककेस निकामी झाला, तर वाहनाची मूळ ओळखच नष्ट होते. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसणे आवश्यक आहे. अशी नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात आणि वाहन नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी ते चालवता येते.

१९८६ मध्ये आलेल्या के.बी. १०० या मोटारसायकलींना ५० वर्षांची अट पूर्ण करण्यासाठी २०३६ पर्यंत थांबावे लागेल. तोवर त्या सामान्य जुनी वाहनेच राहतात आणि त्यांपैकी अनेक भंगारात जातात. अशा वाहनाचा मूळ क्रँककेस टिकवण्यात वेळीच ओळखलेली व योग्य रीतीने दुरुस्त केलेली तेलगळती महत्त्वाची भूमिका बजावते. दुरुस्तीच्या नोंदी, बदललेल्या भागांची मापे आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवण्याची पद्धत संग्राहकांमध्ये आहे. ओलसर दिसणारा पण थेंब न पडणारा जोड अनेक जाणकार तसाच राहू देतात, कारण प्रत्येक वेळी जोड उघडल्याने आटे व पृष्ठभाग यांची झीज होत असते.

## हे सुद्धा पाहा

* रॉयल एनफिल्ड बुलेट
* आयडियल जावा
* बजाज ऑटो
* वाळूज
* टू-स्ट्रोक इंजिन
* वंगण